मागाचा पेला

गेसीनाबाईंचे पट्टे भट्टीवर वाळत घालायची अक्कल कासियान लान्सरची स्वतःची. त्यात त्याच्या बायकोचा दोष नव्हता, व्यायलेल्या गाईचा नव्हता, आणि बर्फाचा तर मुळीच नव्हता.

स्कीवरून डोंगर चढायचा तर स्कीच्या तळाला एक लांब पट्टा चिकटवावा लागतो. एका अंगाला डिंक, दुसऱ्या अंगाला मागे वळलेले आखूड केस. त्या केसांमुळे पाऊल पुढे सरकतं आणि मागे घसरत नाही. माथ्यावर पोचलं की पट्टे ओरबाडून काढायचे, कोटाच्या आत ठेवायचे आणि सुटायचं. काल्खबाखच्या खोऱ्यात रोपवे नाही, कधी येईल असंही कोणाला वाटत नाही. त्यामुळे इथे हिवाळ्यात माणसाची सगळी मदार पट्ट्यांवर असते. आणि कासियान तर परवानाधारक वाटाड्या. त्याने निदान डिंक जपायला हवा होता.

झालं असं, की आदल्या संध्याकाळी खानावळीची वाळवणाची खोली व्हिएन्नाच्या मंडळींनी ओल्या मोज्यांनी भरून टाकली होती. बाईंना पट्टे टांगायला खुंटी मिळेना. तेव्हा कासियान मोठ्या थाटात म्हणाला, द्या इकडे, आमच्या घरी भट्टी आहे. भट्टी होती, तिच्यावर दांडीही होती. पण नेमकी त्या रात्री गाय अडली. गरम पाणी लागत होतं म्हणून बुर्गल, म्हणजे त्याची बायको, भट्टीत लाकडामागून लाकूड कोंबत राहिली. सकाळी वासरू चार पायांवर उभं होतं आणि पट्टे आरशासारखे चकाकत होते. कासियानने बोट लावून पाहिलं. छान वाळलेत, असं मनाशी म्हणाला आणि गुंडाळून पिशवीत टाकले. उजाडायच्या आत गाई पिळून माणूस बाहेर पडला की त्याचं बोट काय सांगेल याचा भरवसा नसतो.

शेवटचं गवताचं कोठार मागे पडलं, लार्चचं रान लागलं, चढ अंगावर आला, आणि बाईंच्या डाव्या स्कीचा पट्टा मागच्या टोकाने सुटला. दोन पावलांनी उजवाही. उलटा करून पाहिला तर डिंक गुळाच्या पाकासारखा तार धरून लोंबत होता. तोंडातली वाफ लागून तोही गोठला.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं हे न बोलणं कासियानला ठाऊक होतं, आणि शिव्या परवडल्या असं त्याचं त्याबद्दलचं मत होतं.

गेसीना बेरेन्स म्हणजे दूर उत्तरेकडच्या. तिकडे नदीच्या काठावरचा मातीचा बांध हाच सगळ्यात उंच डोंगर. त्या नदीच्या मुखावर त्यांनी जन्मभर तरीची बोट चालवली. निवृत्त झाल्या आणि दर फेब्रुवारीला काल्खबाखला येऊ लागल्या. त्याला सहा हिवाळे झाले, आणि सहाही हिवाळे त्यांची एकच मागणी होती: चादर.

चादर म्हणजे डोंगराची मागची बाजू. खिंडीतून पलीकडे डोकावलं की पायाखालून खोऱ्याच्या तळापर्यंत एकच रुंद पांढरा उतार सुटलेला दिसतो, मध्ये झाड नाही की खडक नाही. गावात त्याला चादर म्हणतात, कारण ताज्या बर्फानंतर तिच्यावर खरोखरच एक सुरकुती दिसत नाही. पण एका वर्षी बर्फच नव्हता. पुढच्या वर्षी आठवडाभर वादळ. मग पाऊस. मग कासियानचा हात प्लास्टरमध्ये. दरवर्षी तो म्हणायचा, पुढच्या वेळी नक्की. हे त्याने इतक्या सहजपणे म्हटलं होतं की यंदा ते शब्द त्याने तोंडातून काढले नव्हते.

कारण यंदा पुढची वेळ नव्हती. एप्रिलमध्ये बाईंचं खुब्याचं हाड कापून नवं बसवायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, मग चाला, पोहा, सायकल चालवा, हे मात्र विसरा. बाईंनी ही बातमी कासियानला जेवताना, ताटातला डंपलिंगचा गोळा कापता कापता, एका वाक्यात दिली होती. त्यानंतर तीन दिवस वादळ. आज आभाळ लख्ख, रात्रीतून मांडीएवढा पिठासारखा बर्फ, आणि उद्या सकाळची त्यांची गाडी. म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही. हे दोघांनाही कळत होतं, म्हणून दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

कासियानने आपले पट्टे काढून बाईंना दिले. दोघांची उंची सारखी, त्यामुळे जमलं. बाईंचे भाजलेले पट्टे त्याने स्वतःच्या स्कीला चिकटपट्टीचे वेढे देऊन बांधले. तो हे करत बसला होता तोवर खालून बोलण्याचे आवाज आले आणि व्हिगिल व्हिएन्नाच्या मंडळींची माळ घेऊन हजर झाला.

व्हिगिल हा बुर्गलचा धाकटा भाऊ. तोही वाटाड्याच. दात पांढरे, गॉगल आरशाचा, आणि डोंगरावर त्याला कधी घाम आलेला कोणी पाहिला नव्हता. का, ते पुढे येईलच.

"दाजी, दुकान थाटलंत की काय इथे?" तो म्हणाला.

कासियानच्या दातांत चिकटपट्टी होती. व्हिगिलने पट्ट्याचं टोक उचलून वास घेतला. "ताईने भाजले वाटतं. बटाट्याबरोबर की नुसतेच?"

"पुढे जा. वाट मोकळी आहे."

"छे, छे. मोठ्या माणसाला ओलांडून कसं जाऊ? आम्हाला घरी मान ठेवायला शिकवलंय." एवढं बोलून त्याने आपली मंडळी झाडांखाली बसवली आणि थर्मास उघडायला लावले.

यातली गोम अशी. ताज्या बर्फात पहिला जातो त्याला माग पाडावा लागतो. प्रत्येक पाऊल बर्फाखालून उपसायचं, पुढे ढकलायचं, दाबायचं. मागचे लोक त्या चरातून रेल्वेसारखे येतात. म्हणून काल्खबाखमध्ये रीत आहे: दुसऱ्याच्या मागावरून जो चढला, त्याने संध्याकाळी खानावळीत माग पाडणाऱ्याला एक पेला पाजायचा. डोंगरी पाइनच्या कोवळ्या बोंडांची तांबूस दारू असते, अंगठ्याएवढ्या पेल्यात. किमतीला काही नाही, पण न पाजणं म्हणजे कोणाच्या घरी जेवून हात न धुता उठण्यासारखं. आणि दुसरी रीत: माग ज्याचा, उतरताना पहिली रेघ त्याची.

व्हिगिल कासियानच्या मागावरून किती वर्षं येत होता याचा हिशेब बुर्गलही ठेवत नव्हती. पेला मात्र एकदाही आला नव्हता. कधी पाकीट दुसऱ्या कोटात असायचं. कधी पोट बिघडलेलं. एकदा तर ईस्टरच्या आधीचे उपास चालू आहेत म्हणाला, तेव्हा त्याच्या हातात बीअर होती.

कासियान उठला. उजवा गुडघा आतून काहीतरी म्हणाला, त्याने ऐकलं नाही. बाईंना म्हणाला, चला. आणि माग पाडायला लागला.

रान संपेपर्यंत तो काही विचार करत नव्हता. थकलेल्या माणसाची ही एक सोय असते. डिसेंबरपासून सुटी अशी नव्हतीच. पहाटे गोठा, दिवसा पाहुणे, संध्याकाळी पुन्हा गोठा, मधूनच कोणाच्या तरी छपरावरचा बर्फ उपसायला जाणं. दमलो हा शब्द त्याच्या घराण्यात नव्हता. त्याचे वडील "आज जरा जड आहे" म्हणायचे, तोही तेच म्हणायचा. आज जरा जड होतं. चिकटपट्टीच्या वेढ्यांखाली बर्फ साचत होता, आणि दर थोड्या वेळाने थांबून काठीने तो खरवडावा लागत होता. पाऊल उचललं की आपण पायाबरोबर शेजाऱ्याचा गोठाही उचलतोय असं वाटायचं.

बाई मागून सावकाश, एका लयीत येत होत्या. खुबा दुखत असणार. चेहऱ्यावर तसं काही नव्हतं, पण वळणावर स्की फिरवताना त्या क्षणभर डोळे मिटायच्या, ते कासियानने दोनदा पाहिलं होतं.

रानाच्या वर उघडा डोंगर लागला. ऊन बर्फावर पडून परत तोंडावर येत होतं. इतकं सुंदर होतं की बघायलासुद्धा बळ लागत होतं. कासियानने वर कड्याच्या धारेकडे पाहिलं. धारेवरून बर्फाचा धूर उडत होता, आणि तो उडत होता पलीकडे. म्हणजे वर वारा होता, रात्रभर असणार, आणि या बाजूचा बर्फ खरवडून तो चादरीवर नेऊन टाकत होता. त्याने खाली पाहिलं आणि चालत राहिला.

खिंडीच्या जरा खाली एक सपाटी आहे. तिथे त्याने पाऊल टाकलं आणि डोंगराच्या पोटातून एक आवाज आला. हुम्म. रिकाम्या पिंपावर कोणी गादी टाकावी तसा. पायाखालचा बर्फ केसभर खाली बसला. आतला कच्चा थर मोडला की डोंगर असा बोलतो.

तो थांबला. मागे वळून पाहिलं. बाई बऱ्याच मागे होत्या, कानटोपी खाली ओढलेली. त्यांनी ऐकलं नव्हतं. व्हिगिलची माळ तर त्याहून खाली, गप्पा मारत.

खिंडीत पोचल्यावर त्याने पाठीवरचं फावडं काढलं आणि पलीकडच्या कडेला खड्डा खणला. वर मऊ पीठ, त्याखाली वाऱ्याने चोपलेला घट्ट थर, आणि त्याच्याही खाली एक बोटभर साखर. दाणेदार, सुटी, हातात न टिकणारी. त्याने ठोकळा कापून मोकळा केला, त्यावर फावडं ठेवलं आणि हाताने ठोकायला लागला. आधी बोटांनी, मग कोपरापासून, मग खांद्यापासून. अगदी शेवटी शेवटी ठोकळा सरकला. तोही पुरता नाही, अर्धाच. पहिल्याच ठोक्याला सरकला असता तर सबंध उतार माणसाच्या वजनाने कोसळणार हे नक्की, सरकलाच नसता तर निश्चिंत. हो म्हणावं तर हो, नाही म्हणावं तर नाही.

खाली चादर पसरली होती. एक सुरकुती नव्हती तिच्यावर.

बाई वर आल्या. त्यांनी कोणाकडे न बघता पट्टे काढले, घडी करून कोटात घातले, बुटांचे चाप आवळले, हेल्मेट बांधलं. सहा वर्षांची तयारी होती ती, कुठे गडबड नव्हती. मग त्या म्हणाल्या, "कुठून सुरू करायचं, लान्सर?"

"नाही करायचं," कासियान म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे. ठोकळा का सरकला, किती सरकला, असं त्याने सांगायला सुरुवात केली. सपाटीवरचा आवाजही सांगितला. त्या ऐकत होत्या, आणि त्याला आपलं बोलणं आपल्यालाच बारीक होत गेल्यासारखं वाटत होतं.

काल्खबाखमध्ये वर डोंगरात आलं की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मग तो मंत्री असो की गुराखी; व्हिगिलचं दाजींना अहो-जाहो तेवढं घरच्या नात्याचं. गेसीनाबाईंनी मात्र सहा वर्षांत कासियानला कधी अहो-जाहोखेरीज हाक मारली नव्हती. आज मारली.

"तू दमलायस," त्या म्हणाल्या. "तुझा गुडघा मी सकाळपासून बघतेय. वाघळासारखे पट्टे लोंबवत चढलास तू, रात्री झोपलेला नाहीस. तुला घरी जायचंय. आणि दोष बर्फावर ढकलतोयस."

 खरी अडचण ही की कासियानलाही तेच वाटलं होतं. खांद्यापासून ठोकताना त्याच्या मनात आलं होतं, सरक की बाबा एकदाचा. ते कशासाठी? बाईंना वाचवायला, की त्या लांब उतारावर आपला गुडघा न्यायला लागू नये म्हणून? चाळिशीत असता तर याच ठोकळ्याकडे बघून तो काय म्हणाला असता? त्याने स्वतःला विचारून पाहिलं. 

"असेल तसं," तो म्हणाला. "पण मी नेणार नाही."

"मी एकटी जाईन."

"मग मला तुमच्या स्कीवर बसावं लागेल. मी जड आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चादरीकडे तोंड केलं आणि तशाच उभ्या राहिल्या. वारा त्यांच्या बुटांवर बर्फाचे कण आणून टाकत होता.

तेवढ्यात व्हिगिल आला, कोरडा ठणठणीत. मागून मंडळी येऊन उभी राहू लागली, फोन बाहेर निघाले, कोणीतरी चादर बघून शीळ घातली. व्हिगिलने बाईंची पाठ पाहिली, दाजींचं तोंड पाहिलं आणि कोणाला काही न विचारता खड्ड्यात उतरला. साखर चिमटीत घेतली, ओठाला लावली, ते कशासाठी हे त्यालाच ठाऊक. मग दाजींना बाजूला घेऊन हळू विचारलं, काय झालं.

"खाली सपाटीवर बोलला. एकदा."

"मोठ्याने?"

"मला ऐकू येईल इतक्याने."

व्हिगिलने बोटांवरची साखर झटकली. त्याच्या मंडळींनी चादरीचे पैसे मोजले होते, आणि जायचं म्हणाला असता तर त्यांच्यापैकी एकानेही नको म्हटलं नसतं. कासियानला वाटलं, आता हा जाणार. आणि गेला, सुखरूप उतरला, तर बाईंच्या डोळ्यांसमोर ती चादर चुरगळणार, आणि मग आपण उद्या त्यांना गाडीपर्यंत सोडायला कोणत्या तोंडाने जायचं? थकवा एवढा होता की ही भीतीही त्याला पुरती वाटेना.

"चला रे, फिरा मागे," व्हिगिल मंडळींना म्हणाला. कुरकुर झाली. एकाने विचारलं, खड्ड्यात तर एवढं काही दिसत नाही. व्हिगिल म्हणाला, "मी सबंध डोंगर यांच्या मागावरून आलोय. माझ्या पायाखाली यांनी दाबलेला बर्फ होता, मला काय कळणार? पाय यांचे बोलतात. माझे आज मुके आहेत."

मग दाजींकडे वळून, नेहमीच्या आवाजात: "हे मी पेला चुकवायला म्हणालो असं समजू नका."

ज्या अंगाने चढले त्याच अंगाने सगळे उतरले. वाऱ्याने खरवडलेला कडक उतार, मग रान, मग स्वतःच पाडलेला चर. त्यात मजा अशी काहीच नव्हती. व्हिगिलची मंडळी आरडाओरडा करत पुढे गेली. बाई शेवटी.

रानाच्या मध्यावर कासियान थांबला आणि डावीकडे वळला. तिथे त्याच्या मालकीचं गवताचं कुरण होतं, तीव्र उताराचं, तिन्ही बाजूंनी लार्चने वेढलेलं, खाली जुनं कोठार. उन्हाळ्यात तिथे विळ्याने कापावं लागायचं, यंत्र उलटायचं. हिवाळ्यात तो तिथे कोणाला आणत नसे, स्वतःही जात नसे. वारा तिथे पोचत नाही, म्हणून तो घट्ट थर बसत नाही. बर्फ पडला तसाच होता, झाडाच्या फांदीवरून खाली ठेवल्यासारखा.

"चादर नाही," तो म्हणाला. "उशीचा अभ्रा आहे."

बाईंनी वरून खाली पाहिलं. कोठार दिसत होतं, इतकं ते लहान. त्यांचा चेहरा बदलला नाही. पण त्या कासियानच्या पुढे आल्या, उभ्या राहिल्या आणि सुटल्या.

बर्फ त्यांच्या छातीपर्यंत उडत होता आणि आवाज अजिबात नव्हता. एक वळण, दुसरं, तिसरं. खुबा जपायचा म्हणून डावीकडचं प्रत्येक वळण जरा लांब. मग मध्येच त्यांनी जपायचं सोडलं, ते वरून दिसलं. कोठाराशी पोचता पोचता तोल गेला आणि बाई पिठात गडप झाल्या. कासियान घाईने खाली आला, तेव्हा त्या उताण्या पडल्या होत्या, गॉगल भरलेला, आणि आभाळाकडे बघत होत्या.

"लागलं का?"

"आखूड आहे," बाई म्हणाल्या.

"अभ्राच तो."

तो त्यांच्या शेजारी बसला. बसल्यावर लक्षात आलं की आता उठणं अवघड आहे. बाईंनी पडल्या पडल्याच विचारलं, "खरं सांग. बर्फ की गुडघा?"

कासियानने पुष्कळ विचार केला. "सांगता येत नाही," तो म्हणाला. "दोन्ही मला एकाच पायातून कळतात."

बाईंनी गॉगल काढून आतला बर्फ झटकला. मग त्यांनी सांगितलं, की एकदा त्यांनी धुक्यात बोट बांधून ठेवली होती. बोटीत लग्नाचं वऱ्हाड होतं, पलीकडच्या चर्चमध्ये लोक ताटकळलेले. नवरीच्या बापाने त्यांना नाही नाही ते सुनावलं. अर्ध्या तासात धुकं विरलं, ऊन पडलं, नदी आरशासारखी. ते कुटुंब अजून त्यांच्याशी बोलत नाही. आणि धुक्यात निघाले असते तर काय झालं असतं, हे त्यांनाही अजून कळलेलं नाही.

"मग मी त्यांच्यासारखी वागणार आहे," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस."

संध्याकाळी खानावळीत भट्टीजवळचं बाक कासियानला मिळालं. व्हिएन्नाची मंडळी झालेल्या दिवसाची गोष्ट आतापासूनच मोठी करून सांगत होती. हुम्म आवाज एव्हाना त्या सगळ्यांनी ऐकला होता. व्हिगिल समोर येऊन बसला आणि खिसे चाचपायला लागला. एक खिसा, दुसरा खिसा, मग आतला. कासियान शांतपणे बघत होता. हा खेळ त्याला पाठ होता.

गेसीनाबाई काठी टेकत आल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. "मागावरून आलेल्याने पेला पाजायचा, अशी रीत आहे ना तुमच्यात?"

"आहे," कासियान म्हणाला. व्हिगिल छताकडे बघू लागला.

"मीही तुझ्या मागावरूनच आले. पण आज नाही पाजणार. आज मला तुझा राग आलाय, आणि रागात मी कोणाला काही पाजत नाही. हाड बसलं की उन्हाळ्यात येईन, पायी. त्या कोठाराशी पाजीन. नाही आले तर समज, बुडवला."

"मग माझाही तेव्हाच," व्हिगिल खिशातून हात काढत म्हणाला. "सगळ्यांचं एकदमच होऊन जाऊ दे, दाजी. तुम्हालाही बरं."

कासियानने टेबलाला हात टेकला आणि उठला. गाई वाट बघत असणार, वासराकडेही बघायचं होतं, आणि भाजलेल्या पट्ट्यांचं काय करायचं हे बुर्गलला सांगायचं होतं, म्हणजे तिच्याकडून ऐकायचं होतं. बाई गाडीच्या वेळेबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यानेही विचारलं नाही. सकाळी तो येणार हे ठरलेलंच होतं.

बाहेर थंडी चावत होती. त्याने मान वर करून पाहिलं. चादर इथून दिसत नाही, पलीकडे आहे ती. फक्त खिंड दिसत होती, आणि तिच्यावरचा धूर आता थांबला होता. तो ऐकत उभा राहिला. डोंगराकडून काहीच आलं नाही. आतून मात्र व्हिगिलचा आवाज आला. तो स्वतःसाठी एक पेला मागवत होता.